वनस्पतिजन्य संयुगे आणि कृत्रिम पेशीपटल: गळती दिसली, म्हणजे नेमके काय दिसले?

पर्णरेखा (धागाकर्ती)

नमस्कार. हळदीतील कर्क्युमिन कृत्रिम पटलांशी कसे वागते, याचा अभ्यास मी गेले काही महिने करत आहे आणि त्यात एके ठिकाणी मी चांगलीच फसले. त्या फसगतीतून जो प्रश्न उभा राहिला, तो केवळ माझ्यापुरता नाही असे वाटल्यामुळे हा धागा काढत आहे. ज्यांनी लायपोसोम स्वतः हाताळले आहेत, त्यांनी माझ्या मांडणीतल्या चुका मोकळेपणाने दाखवाव्यात.

विषय नवा असणाऱ्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. पेशीच्या पटलाचा पाया म्हणजे लिपिड रेणूंचे दोन थर. प्रत्येक रेणूला पाण्याकडे ओढ असलेले डोके आणि पाणी टाळणाऱ्या शेपट्या असतात. डोकी बाहेरच्या बाजूंना आणि शेपट्या आत, अशा रचनेतून सुमारे ४ ते ५ नॅनोमीटर जाडीचा पडदा तयार होतो. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतले लिपिड काढून पाण्यावर पसरवले, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरले आणि त्यावरून दोन थरांची कल्पना पुढे आली. (त्यांनी सगळे लिपिड काढलेही नव्हते आणि पेशींचा पृष्ठभागही कमी धरला होता; या दोन चुकांनी एकमेकींची भरपाई केली आणि निष्कर्ष बरोबर निघाला. मला ही हकीकत फार महत्त्वाची वाटते, कारण बरोबर उत्तर आले म्हणून मोजणी बरोबर होती असे होत नाही.)

खऱ्या पटलात शेकडो प्रकारचे लिपिड आणि त्यांच्या जोडीला प्रथिने असतात. एखादे वनस्पतिजन्य संयुग तिथे घातले आणि काही घडले, तर ते लिपिडमुळे घडले की प्रथिनामुळे, हे वेगळे काढणे फार अवघड जाते. म्हणून एकदोन ज्ञात लिपिड घेऊन साधे पटल बनवायचे आणि त्यावर संयुगाची परीक्षा घ्यायची, ही पद्धत रूढ झाली. अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात दाखवलेले लायपोसोम, म्हणजे लिपिडच्या द्विस्तराचे सूक्ष्म फुगे, हे त्यातले सर्वांत जास्त वापरले जाणारे साधन आहे.

माझी कृती अशी होती. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेले लिपिड गोल बुडाच्या चंबूत घेऊन सुकवले, की काचेवर पातळ, जेमतेम दिसणारा थर उरतो. त्यावर कॅल्सीन या रंगद्रव्याचे दाट द्रावण घालून ढवळले की थर सुटून दुधाळ द्रव होतो, आणि तो १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट गाळणीतून वारंवार दाबून काढला की दुधाळपणा जाऊन बऱ्याचशा एकसारख्या आकाराचे फुगे मिळतात. मग स्तंभातून गाळताना फुगे आधी उतरतात आणि बाहेर राहिलेला मोकळा रंग मागून येतो. फुग्याच्या आत कॅल्सीन इतके दाट असते की त्याचे रेणू एकमेकांचीच चमक दाबून टाकतात. पटलाला गळती लागली, रंग बाहेर पडून विरळ झाला, की चमक वाढते. शेवटी ट्रायटन एक्स-१०० हे साबणासारखे द्रव्य घालून सगळे फुगे फोडायचे आणि त्या वाचनाला शंभर टक्के गळती मानायचे.

मी कर्क्युमिन घातले आणि वाचन चढू लागले. मात्रा वाढवली तसे आणखी चढले. दोन महिने मी हेच धरून चालले होते की कर्क्युमिन पटलाला भोके पाडते, आणि त्या आधारावर आलेखही तयार केले. मग एका संध्याकाळी, दुसऱ्याच कारणासाठी बनवलेले रिकामे लायपोसोम, म्हणजे ज्यांत कॅल्सीनचा थेंबही नव्हता असे, उरले होते म्हणून त्यांत कर्क्युमिन घालून पाहिले, आणि वाचन तसेच चढले. पाण्यात कर्क्युमिन फारसे चमकत नाही, पण लिपिडच्या तेलकट भागात शिरले की ते स्वतःच चमकू लागते. आमच्या यंत्रातल्या प्रकाशगाळण्यांचा पट्टा रुंद असल्यामुळे ही चमक कॅल्सीनच्या खात्यात जमा होत होती. मी मोजत होते ते कर्क्युमिनचे आत शिरणे, आणि त्याला नाव देत होते पटल फुटल्याचे.

तर माझा प्रश्न असा: «या संयुगाचा पटलावर परिणाम होतो» हे वाक्य आपण इतक्या सहजपणे लिहितो, पण पृष्ठभागाला चिकटणे, आत शिरणे, पटल मऊ किंवा पातळ करणे, आणि त्याला भोक पाडणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या कशा ओळखायच्या? आणि कृत्रिम पटलावर जे दिसते, त्यावरून खऱ्या पेशीबद्दल किती बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे?

द्विस्तर

पर्णरेखा, रिकाम्या लायपोसोमची चाचणी तुम्ही स्वतःहून केली आणि इथे सांगितली, याचे कौतुक वाटते. पहिल्याच प्रश्नाआधी मला एक गोष्ट मांडायची आहे, कारण तिच्याशिवाय बाकीची चर्चा हवेत राहील. तुम्ही संयुगाच्या मात्रेबद्दल बोललात, लिपिडच्या मात्रेबद्दल नाही.

औषधांच्या अभ्यासात आपल्याला «इतके मायक्रोमोलर» (संहतीचे एकक) म्हणायची सवय असते. पटलाच्या बाबतीत ती सवय दिशाभूल करते, कारण पटलावर परिणाम करते ते पटलात शिरलेले संयुग, पाण्यात राहिलेले नव्हे. समजा, तुमच्या संयुगाचा वाटणी गुणांक (ते पटल आणि पाणी यांत कसे वाटले जाते, हे सांगणारा आकडा) असा आहे की लिपिडची संहती १०० मायक्रोमोलर असताना निम्मे संयुग पटलात आणि निम्मे पाण्यात राहते. आता २० मायक्रोमोलर संयुग घाला. लिपिड १०० मायक्रोमोलर असेल, तर १० मायक्रोमोलर संयुग पटलात जाईल आणि दर दहा लिपिड रेणूंमागे एक रेणू बसेल. लिपिड १ मिलिमोलर (१००० मायक्रोमोलर) असेल, तर संयुगाचा बहुतेक भाग, सुमारे १८ मायक्रोमोलर, पटलात जाईल खरा, पण तो इतक्या लिपिडमध्ये वाटला जाईल की दर ५५ लिपिडमागे एकच रेणू येईल. उलट लिपिड १० मायक्रोमोलरच असेल, तर पटलात जेमतेम १.८ मायक्रोमोलर शिरेल, तरीही दर पाचसहा लिपिडमागे एक रेणू अशी दाटी होईल. तिन्ही नळ्यांवर «२० मायक्रोमोलर» हीच चिठ्ठी असेल. एका प्रयोगशाळेला गळती दिसते आणि दुसरीला दिसत नाही, अशा कितीतरी वादांच्या मुळाशी एवढेच असते.

यात आणखी एक मेख आहे. संयुग बाहेरून घातले आणि ते दोन थरांपैकी बाहेरच्याच थरात अडकून राहिले, तर त्या थरातली दाटी वर काढलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होते. बाहेरचा थर फुगतो, आतला तसाच राहतो, आणि हा ताण असह्य झाला की पटल क्षणभर फाटून पुन्हा जुळते. अशी गळती सुरुवातीला भरभर होते आणि मग थांबते. टिकाऊ छिद्र असेल, तर ती चालूच राहते. म्हणून केवळ शेवटचा आकडा न पाहता वेळेनुसार येणारी रेषा नीट पाहावी.

आणि डायमिथिल सल्फॉक्साइड किंवा अल्कोहोल, ज्यात तुम्ही कर्क्युमिन विरघळवता, ते तेवढ्याच प्रमाणात घातलेली संयुगविरहित नळी प्रत्येक वेळी शेजारी ठेवा. ही द्रावकेही पटलात लुडबुड करतात.

शोधयात्री

मी रसायनशास्त्राचा नाही, त्यामुळे प्रश्न साधा आहे. रेणू पटलात नेमका कुठे बसला आहे, हे कळते तरी कसे? इतक्या पातळ पडद्यात «वर» आणि «आत» असा फरक करता येतो का?

मध्यरेषा

शोधयात्री, फरक करता येतो, आणि खरे सांगायचे तर या विषयातली सर्वांत सुंदर माहिती याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

एक मार्ग उष्णतेचा. डीपीपीसी नावाचे लिपिड घेतले, तर सुमारे ४१ अंश सेल्सियसला त्याच्या शेपट्या एकदम सैल होतात. त्याखाली त्या ताठ उभ्या असतात. द्विस्तर हळूहळू तापवत नेला की या तापमानाला उष्णता शोषल्याचा एक उंच, अरुंद सुळका आलेखावर उमटतो, आणि त्याआधी, सुमारे ३५ अंशांना, एक छोटासा उंचवटा येतो. हा छोटा उंचवटा फार हळवा असतो. डोक्यांच्या ओळीत पाहुणा रेणू अगदी थोडासा घुसला तरी तो नाहीसा होतो. मुख्य सुळका मात्र शेपट्यांच्या शिस्तीचा आहे: तो खाली सरकला आणि पसरट झाला, तर रेणू शेपट्यांमध्ये शिरून त्यांची रांग मोडतो आहे असे समजावे. दोन्ही सुळके जागच्या जागी राहिले, तर तुमचे संयुग बहुधा पाण्यातच आहे किंवा पृष्ठभागाला नुसते टेकले आहे.

दुसरा मार्ग एकेरी थराचा. पाण्यावर लिपिडचा एकच थर पसरायचा, दोन्हीकडून दाबून रेणू जवळ आणायचे, आणि खालच्या पाण्यात संयुग सोडायचे. ते थरात घुसले तर पृष्ठभागाचा दाब वाढतो. १८९१ मध्ये «नेचर»मध्ये ज्यांचे पत्र लॉर्ड रॅले यांनी छापवून आणले, त्या आग्नेस पॉकेल्स यांनी अशा मोजणीची सुरुवात घरच्या स्वयंपाकघरात केली होती. पुढे लँगम्यूर यांच्या नावाने ही पद्धत जगभर गेली. द्विस्तरातल्या दाटीशी जुळणारा दाब साधारण ३० ते ३५ मिलिन्यूटन प्रति मीटर धरतात. विरळ थरात कोणीही घुसते, त्यामुळे १० मिलिन्यूटनच्या दाबाला मिळालेल्या «शिरकावा»वरून पेशीबद्दल बोलणाऱ्या लेखांवर मी विश्वास ठेवत नाही.

आता उदाहरणे. ग्रीन टीमधल्या कॅटेचिन गटात ज्यांना गॅलेट हा जास्तीचा भाग जोडलेला असतो, ते द्विस्तराला बिनगॅलेट भावंडांपेक्षा कितीतरी जास्त घट्ट धरतात. त्यांच्या हायड्रॉक्सिल गटांची लिपिडच्या डोक्यांशी हायड्रोजन बंधाने गाठ पडते, म्हणून ते खोल न जाता काठावरच राहतात. मात्रा वाढली तर शेजारशेजारच्या दोन लायपोसोमना एकत्र धरून गोळेही करतात. ओव्यातले थायमॉल लहान आणि तेलाला जवळचे असल्याने त्याचे वलय शेपट्यांच्या वरच्या भागात आणि हायड्रॉक्सिल गट डोक्यांकडे, असे ते बसते. कर्क्युमिन लांबट असते. क्ष-किरणांच्या मोजणीत ते द्विस्तर पातळ करताना दिसले आहे, तर घन अवस्थेतील एनएमआर (अणूंचे चुंबकीय संकेत वाचण्याची पद्धत) अभ्यासात ते फॉस्फेट गटाशी हायड्रोजन बंधाने नांगर टाकून आत शिरलेले आढळले आहे. मला या दोन निरीक्षणांत विरोध वाटत नाही, कारण किती संयुग, कोणते लिपिड आणि किती पाणी, यावर रेणूची बैठक बदलू शकते.

पर्णरेखा, तुम्ही ज्याला फसगत म्हणालात ते या दृष्टीने उत्तम मोजमाप आहे. कॅल्सीन काढून टाका, लिपिड थोडेथोडे वाढवत न्या, आणि कर्क्युमिनची चमक कशी वाढते ते नोंदवा. द्विस्तर यांनी सांगितलेला वाटणी गुणांक तुम्हाला त्याच रेषेतून काढता येईल.

फेनिल

इथपर्यंत चर्चा पटलात शिरून बसणाऱ्या संयुगांची झाली. मी सॅपोनिनवर काम करतो, आणि माझ्या मते गळती या शब्दाचा खरा धडा सॅपोनिनच देतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सॅपोनिन म्हणजे पाण्यात फेस करणारी वनस्पतिजन्य संयुगे. तेलाला जवळचा सांगाडा आणि त्याला जोडलेली साखरेची साखळी, अशी त्यांची घडण असते. कोणीही म्हणेल की साबणासारखे रेणू आहेत, साबण लिपिड विरघळवतो, यात नवल ते काय? नवल असे आहे की त्यांतले पुष्कळसे सॅपोनिन निवडक असतात. टोमॅटोच्या झाडातले अल्फा-टोमॅटिन घ्या. नुसत्या फॉस्फोलिपिडच्या लायपोसोमवर ते घातले, तर ते जवळजवळ निष्क्रिय राहते. त्याच लायपोसोममध्ये कोलेस्टेरॉल मिसळले, की तीच मात्रा रंग बाहेर सांडवते. कोलेस्टेरॉलच्या तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट योग्य बाजूला असावा लागतो. तो उलट्या बाजूला असलेले स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या कुळातला रेणू) घातले तर परिणाम ओसरतो. म्हणजे टोमॅटिन सरसकट पटल विरघळवत नाही. ते स्टेरॉल हुडकते, त्याच्याशी जोडी जमवते, आणि अशा जोड्या एका जागी गोळा होऊन पटलाची घडी विस्कटते. डिजिटालिसच्या बियांतल्या डिजिटोनिनचे कोलेस्टेरॉलशी असलेले सख्य तर इतके पक्के आहे की विंडाउस यांनी १९०९ मध्ये कोलेस्टेरॉल साक्यात आणून मोजण्यासाठी त्याचाच वापर केला. आजही पेशीविज्ञानात डिजिटोनिनची मात्रा नेमकी राखून पेशीचे कोलेस्टेरॉलयुक्त बाहेरचे पटल उघडतात आणि आतल्या, कोलेस्टेरॉल फार कमी असलेल्या, मायटोकॉन्ड्रियाच्या पटलाला धक्का लागू देत नाहीत.

साखरेची साखळी किती निर्णायक असते, हे बुरशींनी आपल्याला दाखवले. टोमॅटोवर वाढणाऱ्या सेप्टोरिया लायकोपर्सिसी या बुरशीकडे असे एंझाइम आहे की ते टोमॅटिनच्या चार साखरांपैकी एक ग्लुकोज तोडते, आणि एवढ्यानेच रेणूचे पटलावरचे बळ पार कमी होते. ओटच्या मुळांत अ‍ॅव्हेनासिन नावाचे सॅपोनिन असते. ते तोडणारे एंझाइम ज्या बुरशीकडून काढून घेतले, ती ओटला रोग लावू शकली नाही, गव्हाला मात्र पूर्वीसारखाच लावत राहिली, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. गव्हात अ‍ॅव्हेनासिन नसतेच. पर्णरेखा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट: अ‍ॅव्हेनासिन ए-१ अतिनील प्रकाशात निळे चमकते. अ‍ॅव्हेनासिन न बनवणारी ओटची रोपे संशोधकांनी शोधली, ती कोवळ्या मुळांची टोके अतिनील दिव्याखाली धरून, जी चमकत नाहीत ती वेगळी काढून. ज्या चमकेने तुम्हाला चकवले, तिनेच त्यांना वाट दाखवली.

कृत्रिम पटलावरच्या या माहितीचा थेट उपयोगही झाला आहे. चिलीतील क्विलाया वृक्षाच्या सालीतले क्यूएस-२१ हे सॅपोनिन लसीचा परिणाम वाढवते, पण एकटे दिले तर तांबड्या पेशी फोडते. म्हणून ते आधीच कोलेस्टेरॉल असलेल्या लायपोसोममध्ये बसवतात. कोलेस्टेरॉलशी त्याची जोडी तिथेच जमते आणि पेशींना इजा करण्याची त्याची ताकद मावळते. नागिणीवरच्या शिंग्रिक्स या लशीत आणि मलेरियावरच्या आरटीएस,एस लशीत हेच सूत्र आहे.

त्यामुळे «कृत्रिम पटलावर परिणाम झाला नाही» असे कोणी लिहिले, की माझा पहिला प्रश्न असतो: त्यात स्टेरॉल होते का, आणि कोणते?

पर्णरेखा

फेनिल, मनापासून आभार. माझ्या लायपोसोममध्ये कोलेस्टेरॉल नव्हते. मी शुद्ध पीओपीसी वापरले, कारण ते सामान्य तापमानाला द्रवरूप राहते आणि हाताळायला सोपे जाते. आता लक्षात येते की सोयीसाठी केलेली ही निवड माझ्या उत्तराचाच भाग झाली होती. मानवी पेशीच्या बाहेरच्या पटलात लिपिड रेणूंपैकी सुमारे ३० ते ४० टक्के कोलेस्टेरॉल असते, आणि कोलेस्टेरॉलने शेपट्या दाटीने बसवल्यावर कर्क्युमिनला तितकी जागा मिळणार नाही, अशी माझी अटकळ आहे.

एक उपप्रश्न. समजा, गळती झालीच नाही, संयुग नुसते आत बसले. मग त्याचा पेशीला काही फरक पडतो का? की ही केवळ भौतिकशास्त्राची हौस आहे?

वाहिनी

फरक पडतो, आणि माझ्या मते गळतीपेक्षा हाच मुद्दा अधिक गंभीर आहे.

पटलातली प्रथिने पोकळीत बसलेली नसतात. ती आकार बदलतात तेव्हा भोवतालच्या लिपिडलाही त्यांच्या जाडीशी जुळवून घ्यावे लागते, आणि त्याला ऊर्जा पडते. पटल किती ताठ आहे, किती जाड आहे, यावर ही ऊर्जा ठरते. ते मोजण्यासाठी ग्रॅमिसिडिन या १५ अमिनो आम्लांच्या छोट्या पेप्टाइडचा फार कल्पक उपयोग होतो. ते एका जिवाणूपासून मिळते. त्याचा एक तुकडा वरच्या थरात आणि एक खालच्या थरात असतो. दोन्ही समोरासमोर येऊन जोडले गेले, तरच आयनांना वाट मिळते. जोडलेली वाहिनी द्विस्तरापेक्षा आखूड असल्यामुळे पटलाला तिथे चिमटा बसून पातळ व्हावे लागते. पटल मऊ झाले, की हा चिमटा स्वस्तात पडतो आणि जोड्या जास्त वेळ टिकतात. म्हणजे संयुगाने पटलाचा मऊपणा किती बदलला, हे विद्युतप्रवाहात मोजता येते, आणि संयुगाने ग्रॅमिसिडिनलाच धरले असण्याची शंकाही वेगवेगळ्या लांबीच्या वाहिन्या वापरून तपासता येते.

ओलाफ अँडरसन यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये कॅप्सेसिन, कर्क्युमिन, ईजीसीजी (ग्रीन टीमधले एक गॅलेटयुक्त कॅटेचिन), जेनिस्टिन आणि रेस्व्हेराट्रॉल या पाच संयुगांवर असा अभ्यास प्रसिद्ध केला. रचनेने एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या या पाचही रेणूंनी द्विस्तराचे गुणधर्म बदलले, आणि ज्या मात्रांना ते बदलले, त्याच टापूत एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक पटलप्रथिनांचे कामही बदलले. मिरचीतल्या कॅप्सेसिनला स्वतःचा असा खास ग्राही (त्या रेणूला ओळखणारे प्रथिन) आहे, हे खरेच आहे, पण तो अतिशय कमी मात्रेला उत्तर देतो. त्याहून कितीतरी जास्त मात्रेला दिसणारे इतर परिणाम त्या ग्राहीच्या नावावर टाकता येत नाहीत.

आता याचा अर्थ पाहा. एखादे वनस्पतिजन्य संयुग दहा वेगवेगळ्या प्रथिनांवर काम करते, असे दहा लेखांत छापून येते, आणि वाचणाऱ्याला वाटते की हा रेणू बहुगुणी आहे. शक्यता अशी असते की त्या दहाही ठिकाणी त्याने पटलच बदलले. औषधशोधात असे सगळीकडे होकार देणारे रेणू ही ओळखीची डोकेदुखी आहे. कर्क्युमिनचे नाव त्यांत वारंवार येते, शिवाय ते शरीराच्या सामान्य आम्लतेच्या पाण्यात फार लवकर विघटित होते. पर्णरेखा, तुमच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ते अर्धा तास पडून राहिले असेल, तर पुढची मोजणी कर्क्युमिनची की त्याच्या तुकड्यांची, हे आधी तपासा.

मात्रेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. या प्रयोगांत काही मायक्रोमोलरपासून काही दशक मायक्रोमोलरपर्यंत संयुग असते. खाण्यातून घेतलेल्या कर्क्युमिनचे रक्तातले मूळ रूप साधारणतः नॅनोमोलरच्या (मायक्रोमोलरच्या हजाराव्या भागाच्या) घरात राहते, आणि चहा प्यायल्यावर ईजीसीजी बहुधा एक मायक्रोमोलरच्या आतच असते. त्यामुळे लायपोसोमच्या आलेखावरून आहाराचा सल्ला देणे चूक आहे, आणि ते करणाऱ्यांना आपण अभ्यासकांनीच थांबवले पाहिजे.

साशंक

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मला या संपूर्ण पद्धतीबद्दलच आक्षेप नोंदवायचा आहे. खऱ्या पेशीत आतला आणि बाहेरचा थर सारखा नसतो: फॉस्फॅटिडिलसेरिन हे लिपिड जवळजवळ सगळे आत, स्फिंगोमायलिन मुख्यतः बाहेर. खाली सांगाडा असतो, दोन्ही बाजूंना विद्युतभार वेगळा असतो, आणि पटल दुरुस्त करणारी यंत्रणा सतत जागी असते. जिवाणूंचे तर आणखी वेगळे. ई. कोलायच्या आतल्या पटलात सुमारे तीन चतुर्थांश फॉस्फॅटिडिलइथेनॉलामिन असते, कोलेस्टेरॉल नसतेच, आणि त्याबाहेर लिपोपॉलिसॅकराइड या साखर जोडलेल्या लिपिडचे दुसरे पटल असते, जे तेलकट रेणूंना बऱ्याच अंशी अडवते. अशा स्थितीत एका लिपिडच्या फुग्यावर थायमॉल घालून «जिवाणुनाशक यंत्रणा उलगडली» असे शीर्षक देणे कितपत योग्य आहे?

द्विस्तर

साशंक, शीर्षकाबद्दल तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पद्धतीबद्दल मान्य नाही.

ओरेगॅनोतल्या कार्व्हाक्रॉलचे उदाहरण घ्या. ते बॅसिलस सेरियस या जिवाणूचा पटलावरचा विद्युतदाब उतरवते आणि पोटॅशियम बाहेर जाऊ देते, हे जिवंत पेशीवरच दिसले होते. कारण मात्र पेशीवरून ठरेना, कारण मरणाऱ्या पेशीत सगळेच एकाच वेळी ढासळते. त्याचा हायड्रॉक्सिल गट झाकलेले भावंड शेजारी ठेवल्यावर ते निष्प्रभ ठरले, आणि त्यावरून कार्व्हाक्रॉल प्रोटॉनची ने-आण करत असावे असा तर्क मांडला गेला. हा तर्क बरोबर की चूक, हे तपासायचे असेल तर आत आणि बाहेर आम्लतेत फरक ठेवलेला लायपोसोम घ्यावा लागतो. त्यात प्रथिन नाही, ऊर्जा बनवणारी यंत्रणा नाही, दुरुस्ती नाही. तिथेही प्रोटॉन आत गेले, तर ते नेणारे दुसरे कोणी उरत नाही.

तुम्ही सांगितलेले सगळे घटक एकेक करून फुग्यात आणता येतात. पीई (फॉस्फॅटिडिलइथेनॉलामिन) आणि पीजी (फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल) ही लिपिड ३ ला १ या प्रमाणात घेतली, की जिवाणूच्या आतल्या पटलाजवळ जाता येते. एर्गोस्टेरॉल घातले, की बुरशीच्या जवळ. दोन थर असमान ठेवण्याच्या पद्धतीही आता वापरात आहेत. प्रत्येक पायरीला उत्तर कुठे बदलले, हे नोंदवत जाण्यातच या साधनाची किंमत आहे. फेनिल यांचे टोमॅटिन हे त्याचेच उदाहरण नाही का? पहिल्या पायरीवर शून्य, कोलेस्टेरॉल घातल्यावर सर्व काही.

साशंक

हे पटले. माझा रोख पायऱ्या न चढताच वरून पाहिल्याचे सांगणाऱ्यांवर होता. फक्त एक भर घालतो: पायऱ्या चढताना मध्येच उत्तर नाहीसे झाले, तर तेही छापा. असे निकाल टेबलाच्या खणात पडून राहतात आणि पुढचा विद्यार्थी पुन्हा तीच वर्षे घालवतो.

मध्यरेषा

पर्णरेखा यांच्या मूळ अडचणीवर एक व्यावहारिक सूचना राहून गेली. कॅल्सीनच्या जागी सल्फोरोडामिन बी वापरून पाहा. तेही दाट असताना स्वतःची चमक दाबून टाकते, पण त्याला चेतवायला सुमारे ५६५ नॅनोमीटरचा प्रकाश लागतो आणि ते सुमारे ५८५ नॅनोमीटरला चमकते. तिथे कर्क्युमिन प्रकाश जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे त्याची लुडबुड टळते. बाहेरचा बफर आतल्या द्रावणाइतक्याच परासरण दाबाचा ठेवायला विसरू नका. आत रंग दाट आणि बाहेर पातळ बफर असेल, तर पाणी आत शिरून फुगे आधीच ताणलेले असतात, आणि मग कोणतेही संयुग गुन्हेगार ठरते.

पर्णरेखा

सल्फोरोडामिन मागवले आहे. परासरण दाब मी मोजला नव्हता; आज मोजला, तर बाहेरचा बफर आतल्या द्रावणापेक्षा बराच कमी निघाला, त्यामुळे जुन्या आलेखांतले जे थोडेफार खरे असेल तेही आता मोजून पाहिल्याशिवाय खरे मानणार नाही. नवी आखणी अशी केली आहे: लिपिड तीन संहतींना, कोलेस्टेरॉल शून्य, १५ आणि ३० टक्के, प्रत्येक वेळी कर्क्युमिन ताजे विरघळवलेले, आणि प्रत्येक भरलेल्या लायपोसोमशेजारी एक रिकामा व एक फक्त द्रावक घातलेला. वाचने एका तासाऐवजी पहिल्या दहा मिनिटांचीच घेईन, म्हणजे वाहिनी यांनी सांगितलेल्या विघटनाचा प्रश्न निदान कमी होईल. रिकाम्या फुग्यांच्या मालिकेवरून वाटणी गुणांक आधी काढते आणि तो आकडा इथेच याच धाग्यावर देते. गळतीची वाचने त्यानंतर.